बेदाण्याची काडी

“पण मास्तर, शब्द तेच, मग अर्थ दोन कसे?”

रेवणशेट हटून बसले होते. तासगावात बेदाण्याचा व्यापार, शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी खोक्यांवरची अक्षरं वाचून शिकलेलं. उद्या परदेशी गिऱ्हाईक शेडवर येणार. दुभाष्या नको, आपणच बोलायचं, असा त्यांचा पण.

म्हातारे कुरणेमास्तर म्हणाले, “इंग्रजीत माणसाला जोडलेली माहिती दोन तऱ्हेची. एक वेचणारी. अनेकांतला नेमका कोण, ते दाखवते. ती एका दमात म्हणायची. दुसरी नुसती चिकटलेली. तिच्या दोन्ही अंगांना स्वल्पविराम. काढली तरी माणूस तोच.”

“हात्तिच्या! ही तर आमची प्रतवारी.”

“मग द्या दाखला.”

इतक्यात धाकटा भाऊ बसवंत बेदाण्याचं ताट ठेवायला आत आला. शेटनी त्याच्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत, एका दमात ठणकावलं: ज्यानं दुकान बुडवलं तो माझा भाऊ हा.

बसवंतला इंग्रजी येत नव्हतं. बोट मात्र कळलं.

“उद्या पाहुण्यांना असंच सांगणार?” मास्तरांनी विचारलं.

“सांगणारच. सहा वर्षं गावाला सांगतोय. गिऱ्हाइकाशी लपवाछपवी नाही आपली.”

“एका दमात म्हणालात. म्हणजे वेचलंत. भाऊ किती तुम्हाला?”

“हा एकच.”

“मग वेचताय कुणातून?”



“दादा, उद्यापासून मी येत नाही,” बसवंत म्हणाला आणि दाराकडे वळला.

मास्तरांनी ताटातला एक बेदाणा उचलला. देठाची काडी त्याला तशीच चिकटलेली होती.

“हे काय, शेट?”

“बेदाणा.”

मास्तरांनी काडी खुडली. “आता?”

“बेदाणाच की...”

शेट एकदम उठले. पायात चप्पल नाही, उपरणं तिथंच. उंबऱ्यावर भावाचा दंड धरला.

“बसू, जायचं नाही. उद्या माझ्या शेजारी उभा राहा. मी सांगेन, हा माझा भाऊ.”

“आणि पुढं?” बसवंतनं न वळता विचारलं.

पुढं... सहा वर्षांची सवय. वाक्य जिभेच्या टोकावर आलंच होतं. शेटनी दात घट्ट मिटले.

मास्तर काठी टेकत आले. शेटचा हात उघडला, तळव्यावर ती काडी ठेवली.

“ही तुम्ही ठेवा, शेट. बेदाणा मी खातो.”