म्हादबाने विमा काढला

एका गावात एक भोळा गवळी राहत असे. नाव म्हादबा. दुधात पाणी घालायचं त्याला सुचत नसे, एवढ्यावरून भोळेपणाची कल्पना यावी. त्याच्या अंगी एक गुण मात्र होता. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे. सारा घोळ त्यामुळेच होई.

त्याची बायको यमुना हिच्या पोटात कळा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल. तालुक्याला आरोग्य विम्याची नवी योजना आली होती. जुन्या दुखण्यालाही चालत होती, पण नावनोंदणी पोळ्यापर्यंतच. यमुना म्हणाली, "अवो, आजच जा. पोळा झाला की माझे खडे माझ्याच पोटात राहतील."

म्हादबा विमा कचेरीत गेला. तिथे पारखे नावाचे कारकून होते.

"घरात खाणारी तोंडं किती?" पारख्यांनी विचारलं.

"सहा."

"नावं आणि वयं सांगा."

"मी म्हादबा, चाळीस. यमुना, पस्तीस. चांदी, तिसऱ्या वेताची."

पारख्यांची लेखणी थांबली. "कितव्या?"

"तिसऱ्या. मोरी दुसऱ्या वेताची. कपिला यंदा गाभण हाय. आन एक रेडा. त्याला नाव न्हाई, हाक मारली तरी येत न्हाई."

"अहो, म्हशी धरायच्या नसतात!" पारखे ओरडले. "रक्ताच्या नात्याची माणसं सांगा. जा, नीट विचार करून या."

म्हादबा घरी आला. यमुनेने कपाळावर हात मारला. म्हादबाने नीट विचार केला आणि पुन्हा कचेरीत गेला.

"मी एकटाच," तो म्हणाला.

"आणि बायको?"

"ती रक्ताची न्हाई साहेब. तिचा बाप निमगावचा. रक्ताचा म्हणाल तर चुलतभाऊ हाय. पण त्याचं नाव लावू नका, बांधावरून आमचं बोलणं न्हाई."

पारख्यांनी पाणी प्यायलं. "म्हादबा, बायको आधी धरायची. तिलाच घेऊन या, अंगठा लागेल. आणि एक ध्यानात ठेवा. दुखणं लपवायचं नाही. विचारायच्या आधी सांगून टाकायचं."

म्हादबाने ते ध्यानात ठेवलं. घरी पोचला तर दारात एक गिऱ्हाईक उभं. चांदीला बघायला आलं होतं.

"दूध किती देते?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"दूध मागनं. आधी दुखणी ऐका," म्हादबा म्हणाला. "एक सड मुका हाय, दूधच येत न्हाई. धार काढताना लाथ मारती. गेल्या साली माझे दोन दात पाडले. रातीला खोकती, आन खोकली की दावं तोडती."

गिऱ्हाईक चहालाही थांबलं नाही.

यमुनेने कपाळावर हात मारला. "अवो, समोरचा घ्यायला आल्यावर असलं बोलत्यात व्हय? चांगलं तेवढंच सांगावं!"

म्हादबाने तेही ध्यानात ठेवलं. पोळा उद्यावर आला. यमुनेला घेऊन तो कचेरीत गेला. पारख्यांनी विचारलं, "बाईंना दुखणं काय?"

"काय बी न्हाई साहेब," म्हादबा म्हणाला. "दात शाबूत. चाल सरळ. घालाल ते खाती. आन अजून कुणाला लाथ मारलेली न्हाई."

"आज मारीन!" यमुना म्हणाली. मग तीच पुढे झाली, पोटातले खडे सांगितले, डॉक्टरांचा कागद दाखवला आणि अंगठा देऊन मोकळी झाली. कार्ड हातात पडलं.

निघताना पारखे प्रेमाने म्हणाले, "पुढे बाईंच्या पोटातून घरात कोणी नवं आलं, तर त्याचंही नाव लगेच लावून घ्या. उशीर करू नका."

यमुना लाजली. म्हादबाने ध्यानात ठेवलं.

ऑपरेशन झालं. एक पैसा पडला नाही. यमुना शुद्धीवर आली, हसली, चहा मागू लागली. डॉक्टर बाहेर आले आणि रिवाजाप्रमाणे म्हादबाच्या हातात एक बाटली ठेवून म्हणाले, "हे बघा, बाईंच्या पोटातून निघाले."

म्हादबा बाटली घेऊन आत यमुनेकडे गेला, तिला दाखवली, तिच्या कानात काहीतरी बोलला, तिचं उत्तर ऐकून खूश झाला आणि धावत कचेरीत आला. एका हातात पेढ्यांचा पुडा होता.

"साहेब, तोंड गोड करा. तिघं झाले!"

"तिळं!" पारखे खुर्चीतून उठले. "अहो, आणि खडे? बरं, ते राहू द्या. मुलगे की मुली?"

"अजून काय कळत न्हाई," म्हादबा म्हणाला आणि बाटली टेबलावर ठेवली. "नावं लावा. यमुना सुखरूप हाय."

पारख्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बाटलीत तीन खडे होते. नोकरीभर लागलेल्या सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "दुखणं काही?"

"लपवत न्हाई साहेब. जन्मल्यापासनं हालचाल न्हाई. पण रडत बी न्हाईत."

पारख्यांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली.

"म्हादबा," ते म्हणाले, "डोक्याने मात्र तिघंही अगदी बापावर गेलेत."

म्हादबाचा ऊर भरून आला. पेढा पुढे करत तो म्हणाला, "यमुना बी तेच म्हणाली."