ठकूची सवत

फार वर्षं झाली, घाटात सडक नव्हती तेव्हाची गोष्ट. कोकणात उतरायचं तर सावळीच्या कड्याखालची पायवाट तेवढी होती. चैत्रात गारांचा वळीव झोडपून गेला आणि वर ऊन तापलं, की तिथली दरड कधी सुटेल याचा नेम नसायचा. वाटसरूंना सुखरूप पलीकडे न्यायचा तो कोंडीबा वाटाड्या. ठकू त्याची बायको.

कोंडीबा रोज उजाडताच कड्याशी जायचा, दगडाला हात लावून उभा राहायचा. घरी येऊन सांगायचा, "सावळी आज रुसलीय," नाहीतर, "सावळी आज खुशीत आहे." ठकूच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. "मी चार दिवस रुसलेय, ते कळलं का तुम्हाला?"

एका चैत्रात तर कहर झाला. रानमोगऱ्याची पहिली ओंजळ कोंडीबानं कड्याच्या पायाशी वाहिली, आणि ठकूनं ते पाहिलं. बाई गं! बायकोच्या केसांत एक फूल नाही, आणि त्या अवदसेला ओंजळभर!

त्याच सकाळी एक वऱ्हाड कोकणात निघालं होतं. आदल्या सांजेला गारा पडल्या होत्या, पण कोंडीबाला सावळी खुशीत वाटली. ठकू आडवाटेनं पुढे धावली, कड्याखाली पदर खोचून उभी राहिली आणि शिव्यांचा पट्टा सुरू केला. "सटवे, माझ्या नवऱ्याला नादी लावतेस? ये खाली!" असं म्हणतात, दर शिवीला वरून खडे घरंगळत आले. वऱ्हाड खो खो हसत होतं.

"अगं, लोक हसतायत. बाजूला हो," कोंडीबा म्हणाला.

ठकूनं वाटेतच बसकण मारली. "मला तुडवून जा तिच्याकडे!"

तिला उचलायला तो वाकला, तर तिच्या केसांत खडेच खडे. त्याचं तोंड पांढरं पडलं. "मागं फिरा!" तो ओरडला, आणि ठकूला खांद्यावर टाकून पळत सुटला. पाठोपाठ अख्खी दरड कोसळली. असं म्हणतात, त्या धुरळ्यानं तीन दिवस सूर्य दिसला नाही.

"तू सगळ्यांचा जीव वाचवलास," कोंडीबा म्हणाला.

"जीव वाचवायला कोण गेलं होतं?" ठकू फणकारली. "तुम्हाला तिच्या हाती द्यायचं नव्हतं, एवढंच."

ठकू गेल्यावर वाटेच्या तोंडाशी तिच्या नावाचा धोंडा बसवला, गावाकडे तोंड करून. सकाळी पाहतात तो काय, धोंडा सावळीकडे वळलेला! असं म्हणतात बुवा.

आजही चैत्रात गारा पडल्या, की कोणी त्या वाटेनं जाण्याआधी गावातली एखादी म्हातारी पदर खोचून सावळीला शिव्या घालते. एक खडा जरी घरंगळला, तरी त्या दिवशी वाट बंद. आणि रानमोगऱ्याची पहिली ओंजळ पडते ती ठकूच्या धोंड्यावर. सावळीला फूल वाहायची आमच्या गावात कोणाची छाती नाही.