वर्प्यांचं पान

शके एकोणीसशे चव्वेचाळीस. हेमंत ऋतू, मार्गशीर्ष वद्य षष्ठी. गोदेच्या घाटावर सकाळचे आठ वाजले होते.

“उघडलं कुणी?” चिंतामणभटांनी विचारलं.

“मी,” शौनक म्हणाला. “पण गुरुजी, तुम्ही समजता तसं ते उघडं नव्हतं…”

“मी काय समजतो?”



चिंतामणभट क्षेत्रोपाध्ये. वय अठ्ठ्याहत्तर. घाटावर येणाऱ्या घराण्यांच्या नामावळ्या त्यांच्याकडे. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण दत्तक आलं, हे घरच्या माणसाने आपल्या हाताने बाडात लिहायचं आणि उपाध्यायांनी सांभाळायचं. चार पिढ्यांची बेचाळीस बाडं होती.

शौनक सात वर्षं त्यांचा शिष्य. संगणकाची पदवी घेऊन आला होता. ते तो विसरत नसे आणि दुसऱ्याला विसरू देत नसे.

“बाडांना वाळवी लागली तेव्हा फोटो काढायला मी हो म्हणालो,” चिंतामणभट म्हणाले. “पुढचं सांग.”

“फोटो माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवले. घाटावर बसून फोनवर पान बघता यावं असं मनात होतं. त्यासाठी बाहेरून घरात वाट लागते.”

“ती कुठून काढलीस?”

“राउटरमधून. घरात इंटरनेट ज्या डबीतून येतं ती डबी. बाहेरून आलेली हाक ती आत घेत नाही, परतवते. तिला सांगावं लागतं, अमुक क्रमांकाची हाक आली की अमुक कॉम्प्युटरकडे पाठव. एकच वाट. बाकीच्या बंद.”

“मग एकच काढलीस?”

शौनकने घाटाकडे पाहिलं.

“ती जमेना… तीन दिवस घालवले. शेवटी दुसरं एक सेटिंग होतं. येईल ती हाक सरळ त्याच कॉम्प्युटरकडे. ते लावलं आणि पान दिसलं.”

“सगळ्या वाटा.”

“हो.”

“पान दिसल्यावर मिटल्यास?”

“चालत होतं, गुरुजी. चालत्याला हात कशाला लावायचा, असं वाटलं.”

“कधीपासून?”

“पाडव्यापासून.”

चिंतामणभटांनी बोटांवर महिने मोजले. नववं बोट मिटलं आणि हात मांडीवर ठेवला.

“पत्ता कुणाला ठाऊक नव्हता,” शौनक घाईने म्हणाला. “नुसता आकडा आहे तो. कोट्यवधी आकड्यांतला एक. कुणाला कसा सापडणार?”

“चोराला पत्ता लागत नाही. तो गल्लीतल्या कड्या ओळीने हलवत जातो.”

 यंत्रंही तसंच करतात, हे शौनक शिकला होता. परीक्षेत त्यावर पंधरा गुण मिळवले होते.

“वर्प्यांच्या पानाला नाव काय दिलंस?”

“कुठं…”

“कॉम्प्युटरात.”

“‘वर्पे, खडकमाळ, दत्तक’.” त्याचा आवाज उतरला. “चटकन सापडावं म्हणून.”

“सापडलं.”

खाली दहा पायऱ्यांवर खडकमाळची भावकी उभी होती. त्यांच्यात जालिंदर वर्पे. हातात फोन, फोनवर ते पान. त्याच्या मुलाने इंटरनेटवर सहज आडनाव आणि गाव घालून शोधलं होतं.

पलीकडे न्हाव्यासमोर रमाकांत वर्पे बसला होता. वय बावन्न. त्याची आई शेवंताबाई जाऊन आज दहावा दिवस. आपण तिच्या पोटचे नाही, हे त्याला काल रात्रीपर्यंत ठाऊक नव्हतं. जालिंदरने ते भावकीदेखत वाचून दाखवलं होतं.

“पिंड मी देणार,” जालिंदर खालून ओरडला. “काकूला परक्याच्या हातचं नको. महाराज, मूळ बाड काढा! फोनवरचं खोटं म्हणतोय तो.”

चिंतामणभटांनी तिकडे पाहिलं नाही.

“बावन्न वर्षांपूर्वी शेवंताबाईने त्या पानावर अंगठा उठवला,” ते शौनकला म्हणाले. “मी सव्वीस वर्षांचा होतो. ती म्हणाली, भटजी, पोराला हे कधी वाचून दाखवू नका. मी शब्द दिला.”

“मी बंद केलं, गुरुजी. पहाटेच. राउटरमधून ते सेटिंग काढलं, कॉम्प्युटरची वायरही काढली. आता कुणी…”

“बाहेर गेलेलं आत आलं?”

“नाही.”

“मग बंद केलंस ते रिकामं घर.”

शौनकचा चेहरा तापला. “चुकलं माझं. पण तुमचं बाड तरी काय लोखंडाचं आहे? घरच्या फळीवर पडलेलं असतं. कुलूपही नाही. उद्या कुणी उचलून नेलं तर?”

घाटावरच्या माणसांपैकी चिंतामणभटांना असं कुणी बोललं नव्हतं.

ते उठले. पिशवीतून वर्प्यांचं बाड काढलं. लाल फडकं सोडलं, दोरी सोडली आणि बाड पायरीवर उघडं ठेवलं. बरोबर त्या पानावर. वाऱ्याने पान हललं. त्यावर त्यांनी नदीतला एक गोटा ठेवला.

“गुरुजी!” शौनक दचकला. “कुणीही वाचेल!”

“मी स्नानाला जातो.”

“असं उघडं टाकून?”

“तू आहेस ना.”

“मी काय करू?”

“सात वर्षं मला काय करताना बघितलंस?”

आणि चिंतामणभट पायऱ्या उतरून गेले.

शौनक बाडाजवळ बसला. घाटावर पाच-पन्नास माणसं होती. एक बाई ताट घेऊन बाजूने गेली तरी त्याने हात आडवा केला.

जालिंदर वर आला. मागून भावकी आली.

“सरक बाजूला.”

शौनकने मान वर केली. 

“गाव कोणतं?”

“आँ?”

“गाव सांगा.”

“खडकमाळ! सगळ्या घाटाला ठाऊक आहे.”

“घराणं?”

“वर्पे. काय खेळ लावलाय का?”

“आजोबांचं नाव?”

“येसू बाळा वर्पे. पणज्याचंही सांगू का? झालं? आता दाव.”

तिन्ही उत्तरं बरोबर होती. जालिंदर त्याच घरचा होता. शौनकचा हात गोट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. रोज सकाळी गुरुजी तीन गोष्टी विचारत. मग मांडी बदलत. मग आणखी एक विचारत. शौनकला तो नुसता शिष्टाचार वाटे.

“कशासाठी आलात?” शौनकने विचारलं.

“कशासाठी म्हणजे?”

“पान कशासाठी हवंय?”

“त्याला पाटावरून उठवायला!”

शौनकने गोटा काढला. बाड मिटलं.

“त्या कामाला हे उघडत नाही.”

जालिंदर हसला. हसू वाईट होतं.

“वा रे वा! नऊ महिने जगाला उघडं टाकलंस, तेव्हा विचारलं होतंस का, कशासाठी? माझ्या पोराला विचारलंस?”

भावकीतलं कुणीतरी खुसखुसलं.

शौनकला पदवी आठवली नाही. 

“नाही विचारलं,” तो म्हणाला. “तिथं विचारायला कुणाला बसवलंच नव्हतं. घर तुमचं, झाकण माझ्याकडं, आणि ते मी काढून टाकलं. चूक माझी आहे… मारायचं तर मला मारा. बाड देणार नाही.”

त्याने बाड छातीशी धरलं.

जालिंदरने हात उगारला. भावकीतला एक म्हातारा पुढे झाला आणि त्याने तो हात वरच्या वर धरला.

“जाल्या, काकूने तुलाही न्हाऊ घातलंय. तिच्या दहाव्याला हात उचलतोस?”

“दादा, पण तो रक्ताचा…”

“खाली चल.”

जालिंदर जागचा हलला नाही. पण हात खाली आला.

रमाकांत वर आला. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा, हातात भाताचं पातेलं. त्याने जालिंदरकडे पाहिलं नाही. शौनकपुढे उभा राहिला.

“खरं आहे का ते?”

“पान माझ्यामुळं बाहेर गेलं,” शौनक म्हणाला. “मी तुमचा…”

“ते नाही विचारलं. खरं आहे का?”

शौनकने बाड आणखी घट्ट धरलं. हो म्हटलं तर गुरुजींचा शब्द जात होता. नाही म्हटलं तर तोंडून खोटं जात होतं.

ओल्या पावलांनी चिंतामणभट परत आले. रमाकांत त्यांच्याकडे वळला.

“गुरुजी, तुम्ही सांगा. मी पिंड द्यायचा की नाही? मी तिचा कोण?”

चिंतामणभटांनी त्याच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं.

“भात कुणी शिजवला?”

“मी.”

“कुणासाठी?”

“आईसाठी.”

“मग बसा.”

रमाकांत उभाच राहिला. त्याचे ओठ हलत होते.

“भात निवतोय,” चिंतामणभट म्हणाले.

तो बसला.

शौनकने दर्भ गुरुजींपुढे केला.  चिंतामणभटांनी तो त्याच्याकडून घेतला नाही. “तू सांग,” म्हणाले आणि स्वतः एक पायरी मागे सरून बसले.

शौनकने मंत्र सांगितले. सांगताना दोनदा अडखळला. कुणी हसलं नाही. भाताचा पिंड पत्रावळीवर ठेवला. तीळ घातले.

“आता आईचं नाव घ्या,” शौनक म्हणाला.

रमाकांतने ओंजळीत पाणी घेतलं.  पाणी बोटांतून गळून अर्धं झालं.

“शेवंता,” तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, “माझी आई शेवंता.”

पाणी सोडलं. पिंड उचलून तो नदीत उतरला, गुडघाभर पाण्यात, आणि हात उघडले.

जालिंदरने डोक्यावरची टोपी काढली.

रमाकांत पाण्यातच उभा होता. पिंड गेला तरी हात तसेच पुढे धरलेले.

“ऋण फिटलं,” चिंतामणभट म्हणाले. “वर या.”