मताचं माहेर

एकेकाळी कोरेवाडीचं गाव दर उन्हाळ्यात श्रमदान करून तळ्यातला गाळ काढायचं. नानासाहेब सरपंच झाले, त्यांनी फुकट टँकर सुरू केला आणि गाव सुस्तावलं. फावडी गंजली, तळं बुजलं, ग्रामसभेला चिटपाखरू फिरकेना. मग नानासाहेबांनी तळ्याच्या जागेवर स्वतःचं मंगल कार्यालय बांधायचा ठराव मांडला.

गजराकाकूच्या नवऱ्याने हयातभर त्या तळ्यात फावडं मारलं होतं. ती घरोघर फिरली, मिनतवाऱ्या करून पंधरावीस माणसं सभेला घेऊन आली आणि उभी राहिली.

"नाना, तळं कुणाला विचारून घेताय?"

"काकू, मत दिलंत ना? त्याला मतदान म्हणतात," नानासाहेब हसले. "दान दिलेल्या वस्तूची मागाहून चौकशी करू नये."

"मागच्या साली तुम्ही कन्यादान केलंत. तेही दानच. मग दर पंधरवड्याला लेकीच्या सासरी कशाला जाता?"

नानासाहेबांचं हसू मावळलं. "पोरगी सुखात आहे का, बघायला नको?"

"तेच बघायला आलोय आम्ही. जरा उशीरच झाला."

नानासाहेबांनी ठरावाच्या कागदाची घडी घातली. एवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. काकूने मागे वळून पाहिलं, तर सगळी माणसं हंड्यांकडे धावलेली. नुसती सतरंजी उरली होती.

नानासाहेबांनी कागद पुन्हा उलगडला.

काकू खाली बसली. "आमच्या मताला सासर वाईट मिळालं असं वाटत होतं, नाना," ती म्हणाली. "पण त्याला माहेरच उरलं नाही."