खाण तपासणारे मुंगूस

डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या एका रानात एक मुंगूस राहत असे. ते कष्टाळू होते, आणि आपल्या प्रामाणिकपणाचा त्याला थोडा अभिमानही होता. त्या रानाची राणी होती एक वाघीण. डोंगराच्या पोटात खारी माती निघत असे. हरणे, नीलगायी, ससे, सगळ्यांनाच ती चाटायला लागे. म्हणून एका रानडुकराने तिथे खाण काढली होती. आत उतरून माती उकरण्याचे काम घुशी करत, आणि त्याबद्दल रानडुक्कर त्यांना रोज संध्याकाळी कंद देत असे.

एका वर्षी पलीकडच्या खाणीचे छत कोसळले आणि काही उंदीर त्याखाली गाडले गेले. तेव्हा वाघिणीने हुकूम काढला, की प्रत्येक खाणीच्या छताला लाकडाचे टेकू हवेत, आणि धूळ बाहेर पडावी म्हणून वर झरोके हवेत. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहण्याचे काम तिने मुंगसावर सोपवले. रान मोठे, खाणी जागोजागी, आणि तपासणारे हे एकटेच. पण मुंगसाने काम मनापासून सुरू केले.

ते तपासणीला निघायचे म्हटले, की आदल्या दिवशी एक तित्तिर खाणीवर जाऊन वर्दी देई. तशी तिथली रीतच होती. मुंगूस रानडुकराच्या खाणीवर पोचले, की रानडुक्कर वाटेवर सामोरा येई. पहिल्या वेळी त्याने पानात गुंडाळलेली अंडी पुढे केली. मुंगसाने ती घेतली नाहीत. आत जाऊन पाहिले, तर टेकू जागच्या जागी होते आणि झरोके मोकळे होते. घुशींना विचारले, तर त्या मान खाली घालून म्हणाल्या, की सगळे ठीक आहे. आपण अंड्यांना भुललो नाही, म्हणजे आपले काम चोख झाले, असे मुंगसाला वाटले. राणीला त्याने तसे कळवले आणि पुढच्या खेपांनाही तसेच कळवत राहिले.

एके दिवशी मात्र एका सापाचा माग काढता काढता मुंगूस डोंगराच्या मागच्या अंगाने खाणीपाशी येऊन पोचले. वर्दी कोणीच दिलेली नव्हती. रानडुक्कर आपल्या डबक्यात लोळत पडला होता, आणि डबक्याभोवती कुंपण म्हणून उभी केलेली लाकडे मुंगसाने लगेच ओळखली. ते खाणीचे टेकू होते. मुंगूस आत शिरले. झरोके मातीने बुजले होते. धुळीने समोरचे दिसत नव्हते. एक म्हातारी घूस भिंतीला टेकून खोकत होती, आणि तिच्या डोक्यावरचे छत कशाच्याही आधाराशिवाय होते.

मुंगसाला संताप आला आणि स्वतःची लाजही वाटली. त्याने सगळ्या घुशींना बाहेर काढले, खाणीच्या तोंडावर बोरीची काटेरी फांदी आडवी टाकली आणि खाण बंद केली. आपल्याला घुशी दुवा देतील, असे त्याला वाटत होते. पण त्या नुसत्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. रानडुकरानेही वाद घातला नाही. तो शांतपणे घुशींना म्हणाला, "खाण बंद, तर कंदही बंद. मला काही बोलू नका, मुंगूसरावांना विचारा."

काही दिवस गेले. मग तित्तिराने बातमी आणली, की खाणीत पुन्हा काम चालू आहे. मुंगूस धावत गेले. तोंडावरची फांदी जशीच्या तशी होती. पण डोंगराच्या पलीकडच्या बाजूला एक अरुंद बीळ पाडलेले होते, आणि त्या बिळापाशी एक घूस आपला पुढचा पाय चाटत बसली होती. आतला दगड निसटून तिच्या पायावर पडला होता. पाय पार चेचला होता.

मुंगूस तिच्यापाशी बसले. त्याने पाल्याचा रस काढून जखमेवर लावला. मग म्हणाले, "घूसबाई, मी खाण बंद केली होती ना? मग आत का गेलात?"

"तुम्ही खाण बंद केलीत, दादा," घूस म्हणाली. "पोरांची भूक कशी बंद करायची?"

मुंगसाने विचारले, की टेकू काढून नेले जातात हे इतके दिवस कोणीच का सांगितले नाही. घूस म्हणाली, "सांगितले असते, तर त्याने त्याच संध्याकाळी आम्हाला हाकलले असते. तुम्ही येता आणि जाता. तो इथेच असतो."

बोलण्यात राग नव्हता. घडते ते तिने सांगितले, एवढेच. परतताना मुंगसाच्या मनातून ते बोलणे जाईना. आपण लाकडे पाहिली, भोके पाहिली, पण त्या छताखाली राबणाऱ्यांना कशाची भीती वाटते, हे कधी पाहिलेच नाही, असे त्याच्या ध्यानात आले.

ते थेट वाघिणीकडे गेले. झालेले सारे त्याने सांगितले आणि म्हणाले, "राणीसाहेब, मला तीन गोष्टी द्या. माझ्या येण्याची वर्दी कोणी देऊ नये. मालकाच्या चुकीने खाण बंद राहिली, तर घुशींचे कंद चालू राहावेत. आणि धोका दिसला म्हणून जी घूस बाहेर येईल, तिला कोणी हाकलू नये."

वाघिणीने रानडुकराला बोलावले. तो रडकुंडीला आला. फुकटचे कंद वाटत बसलो तर आपण बुडू, खाण मोडेल आणि साऱ्या रानाला खारी माती मिळायची नाही, असे त्याने परोपरीने सांगितले. हरणांनी माना डोलावल्या. त्यांनाही माती हवीच होती.

वाघिणीने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "टेकू पुन्हा लावायला किती वेळ लागेल?"

"हाती लाकूड असेल तर अर्धा दिवस," रानडुक्कर म्हणाला.

"मग अर्ध्या दिवसाचेच कंद जातील. जास्त गेले, तर ते तुझ्या आळसाचे," वाघीण म्हणाली आणि तिने तिन्ही गोष्टींचा हुकूम काढला.

डबक्याभोवतीची लाकडे चिखलात कुजली होती, म्हणून मुंगसाने रानडुकराला हत्तींनी मोडून टाकलेली सागाची झाडे दाखवली. ओंडके ओढायला नीलगायी आल्या. संध्याकाळच्या आत टेकू उभे राहिले, झरोके मोकळे झाले, आणि खाण सुरू झाली. पाय चेचलेल्या घुशीला खाणीच्या तोंडाशी माती चाळायचे बैठे काम मिळाले. तिचा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

आता मुंगूस कधी सकाळी येई, कधी उन्हात, कधी आठवड्यातून दोनदा, तर कधी बरेच दिवस येतच नसे. घुशींचा विश्वास काही लगेच बसला नाही. हुकूम त्यांनी पूर्वीही ऐकले होते. पण एके दुपारी आतल्या टोकाला काम करणाऱ्या एका घुशीच्या पाठीवर छतातून बारीक माती गळू लागली. पूर्वी ती अंग झटकून उकरत राहिली असती. त्या दिवशी ती बाहेर आली आणि उन्हात बसली. तिच्या मागोमाग बाकीच्याही आल्या.

रानडुक्कर तणतणत आला. चिमूटभर मातीसाठी काम थांबवतात का, असे तो विचारू लागला. घुशी भ्यायल्या, पण आत गेल्या नाहीत. त्यांनी तित्तिराला धाडून मुंगसाला बोलावून घेतले. मुंगूस आत जाऊन आले आणि म्हणाले, की आतल्या टोकाचा टेकू बदलल्याशिवाय कोणी खाली उतरायचे नाही. नवा ओंडका आणला गेला. तो शेजारी घट्ट बसवून जुना टेकू काढला, तेव्हा तो मधोमध आरपार चिरलेला निघाला. संध्याकाळी रानडुकराने कंद वाटले. तोंड वाकडे करून वाटले, पण एकही कमी दिला नाही.

वाटप संपल्यावर तो मुंगसाजवळ येऊन म्हणाला, "अर्धा दिवस काम बंद, अख्ख्या रानात बोभाटा, आणि शेवटी झाले काय?"

कंद तोंडात धरून घुशी आपापल्या बिळांकडे निघाल्या होत्या. त्यांतली शेवटची झुडपाआड जाईपर्यंत मुंगूस पाहत राहिले.

"काही झाले नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या खाणीकडे निघाले.

तात्पर्य : नुसता नियम केल्याने राबणाऱ्यांचा जीव वाचत नाही, धोका दाखवणाऱ्याची भाकरी सुरक्षित राहिली, तरच तो नियम खरा होतो.