रांजणातली हाक

एका राज्यात रिकामे पाळणे हलत असत. वारा नसला तरी हलत, कुणी दोरी ओढली नाही तरी हलत. त्याचे कारण राजा दीर्घकेतू, आणि राजाचे कारण मरणाची भीती.

मौनभद्र नावाचा मांत्रिक दरबारी आला. म्हणाला, "महाराज, प्रजेचा एक शब्द द्या, आयुष्याचे एक वर्ष घ्या." राजाला सौदा स्वस्त वाटला; राजेलोकांना दुसऱ्याची वस्तू नेहमीच स्वस्त वाटते. मेलेल्यासाठी जे दहा दिवस पाळायचे, त्याचा शब्द त्याने आधी दिला. लोक मढे जाळून तसेच बाजारात जाऊ लागले. मग बापाच्या बहिणीला हाक मारायचा शब्द दिला. राजघराण्यात सात पिढ्या मुलगी जन्मली नव्हती. राजाला वाटले, हा शब्द लागतो कुणाला? ही गोष्ट सांगताना मीही तो शब्द इतक्यात उच्चारणार नाही, कारण अजून तो मांत्रिकाच्या रांजणात कोंडलेला आहे.

त्या राज्यात बाराव्या दिवशी बापाची बहीणच बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगे, आणि जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालत. शब्द गेला, तशी ती जागाही गेली. बारशाला बाया जमत आणि एकमेकींकडे पाहत उभ्या राहत. आई वाकली तरी ओठ नुसते हलत, नाव बाहेर पडत नसे. तेराव्या दिवशी उजाडता पाळणा रिकामा. मौनभद्राच्या गढीच्या तटावर मात्र एक राखी पाखरू वाढलेले असे. ते चोच उघडी, पण आवाज येत नसे.

अशात हैबतीला मुलगा झाला. त्याची बहीण गोजरा बाराव्या दिवशी सकाळीच माहेरी आली. तिच्या हातात लाल खणाची कुंची होती. ती का शिवली हे तिलाही ठाऊक नव्हते. बोटांनी आपली शिवली.

भावजय सगुणा म्हणाली, "वन्सं, कुंची छान आहे. पण तुम्ही याच्या कोण?"

गोजरेने पाळण्यात पाहिले. मूल रडत नव्हते. दारातून ऊन आत आले होते, पाळण्याची सावली भिंतीवर पडली होती, आणि मुलाची पडली नव्हती.

आढ्यावर साळुंकी बसली होती. पाखरांचे शब्द राजाच्या मालकीचे नव्हते, म्हणून ते विकले गेले नव्हते. साळुंकी म्हणाली, "तुझी हाक मौनभद्राच्या गढीत, रांजणात आहे. वाटेत तीन दारे. प्रत्येक दार विचारील, तू कोण. जे सांगशील ते तिथेच राहील."

"आणि नाही गेले तर?"

"उद्या तटावर एक पाखरू वाढेल."

गोजरा तशीच निघाली. भर दुपारी पहिले दार आले. दाराने विचारले, "तू कोण?" ती म्हणाली, "जानोजीची लेक." दार उघडले, आणि बापाचा चेहरा तिच्या मनातून पुसला गेला. दुसऱ्या दाराने विचारले, "तू कोण?" इथे तिचा पाय अडखळला. मग म्हणाली, "हैबतीची बहीण." दार उघडले, आणि आपण कुणासाठी निघालो हेच ती विसरली. तिसऱ्या दारापाशी तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. "गोजरा," ती म्हणाली. आत शिरली तेव्हा ती कुणीच नव्हती. हातात मात्र कुंची होती.

आत रांजणांच्या ओळी होत्या. प्रत्येकाच्या तोंडाला फडके बांधलेले, आणि आतून कुणीतरी तोंड दाबून बोलावे तसा आवाज. ती चालत राहिली. एका रांजणापाशी तिच्या पाठीत अचानक कळ आली. चार वर्षांपूर्वी, शब्द विकला जाण्याआधी, भावाच्या थोरल्या मुलीच्या बारशाला तिने धपाटे खाल्ले होते. तिला ते आठवत नव्हते, पण पाठीला आठवत होते.

मौनभद्र समोर उभा राहिला. "बाई, तुझे नाव?"

"नाही."

"कुणाची?"

"ठाऊक नाही."

"मग हा रांजण कशाला हवा?"

"ही कुंची ज्याच्या डोक्यावर बसेल, त्याची मी कुणीतरी लागते," ती म्हणाली, आणि तिने रांजण उचलून आपटला.

शब्द बाहेर पडला: आत्या.

त्याच्या आवाजाने शेजारचा रांजण तडकला, मग सगळी ओळ. तिन्ही दारांनी घेतलेले परत दिले. तटावरची पाखरे रडू लागली, आणि रडता रडता मुले झाली. मौनभद्राजवळ स्वतःचा असा एकही शब्द नव्हता. तो ओरडायला गेला आणि उघड्या तोंडानेच विरला. तिकडे सिंहासनावर राजाची उसनी वर्षे गळून पडली. त्याचे प्राण गेले, आणि प्रजेने त्याचे दहा दिवसांचे सुतक पाळले. तोही शब्द परत आला होता.

दिवस मावळायच्या आत गोजरा घरी पोचली. बाळाला कुंची घातली, कानात कुर्र केले, नाव सांगितले. बाळाने टाहो फोडला. भिंतीवर त्याची इवलीशी सावली हलली.

बाया मात्र उभ्याच. पुढे काय करायचे असते, ते हात विसरले होते. गोजरा तशीच वाकून थांबली. तेवढ्यात भावाची थोरली, चार वर्षांची ठकी, मागून आली आणि तिने आपल्या चिमुकल्या हाताने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"आत्या," ठकी म्हणाली.

गोजरेच्या डोळ्यांना धार लागली. "आणखी एक मार गं," ती म्हणाली. मग सगळ्याच बायांचे हात उठले.

पाळणे थांबले, ज्याची त्याला हाक मिळाली. तुमच्या घरातली हाकही ज्याची त्याला पोचो.