पाचूचं झाकण

एका राज्यात दिवा विझत नसे. सिंहासनासमोर एक लामणदिवा टांगलेला होता. पहिल्या राजाने तो लावला आणि पुढे प्रत्येक वारसाने त्यात एकदाच तेल घातलं. आठव्या वाढदिवशी, हात लांब करून, एका धारेत. थेंब भुईवर सांडला तर राजवाडा माणसांसकट दगडाचा होईल, असं दिव्याखालच्या शिळेवर कोरलं होतं. शेजारच्या राज्यात तसा एक राजवाडा होता. तिथली दगडी स्वयंपाकीण अजून दगडी कणीक तिंबत बसली होती.

या राज्याचा कारभार राणी गुणमालेकडे होता. तिला एकच लेक, शेवंती. शेवंती दोन वर्षांची झाली आणि तिचा डावा डोळा नाकाकडे वळू लागला. वारसाचं व्यंग प्रजेला दिसू नये, अशी रीत. राणीने खजिन्यातलं पाचूचं झाकण आणवलं आणि त्या डोळ्यावर बांधलं. पाचू शापित आहे हे खजिनदाराला ठाऊक होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

शेवंतीचं सातवं वर्ष सरलं. एके सकाळी तिने दुधाच्या पेल्याकडे हात नेला. हात वीतभर अलीकडेच थांबला आणि बोटं हवेतच मिटली. दुसऱ्यांदा पेला लवंडला. राणीने आठव्या वाढदिवसाला उरलेले महिने बोटांवर मोजले.

"थेंब नव्हे, अख्खा पेला!" खिडकीतून आवाज आला. राणी दचकून मागे सरली. चौकटीवर पिंगळा बसला होता.

"हसतोस काय, पाखरा?"

"हसू नको तर काय करू? हा पाचू ज्यावर बसतो त्याला निजवतो. वाकडा डोळा आधीच आळसावलेला, त्यावर तू पांघरूण घातलंस. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही, राणी."

"उपाय सांग."

"तीन कामं. भर दरबारात झाकण काढ. काळझर डोंगरावरच्या जादूगाराकडून स्फटिक आण. मग तेच झाकण पुन्हा बांध, पण उजव्या डोळ्यावर."

"चांगल्या डोळ्यावर? वेडा आहेस?"

"चांगला आहे म्हणून तोच सगळं काम करतो. त्याला रोज एक प्रहर बसव, म्हणजे दुसरा उठेल. प्रहराहून जास्त नको, नाहीतर तोही निजेल. आणि उशीर करू नकोस. लहानपणी डोळा हाकेला ओ देतो, पुढे देईलच असं नाही. दोन्ही डोळे एका वस्तूवर मिळून बसले, की शाप तुटला."

राणीने दरबारात झाकण काढलं. प्रधानाने मान खाली घातली. एक म्हातारी सरदारीण मोठ्याने म्हणाली, "एवढंच होय? माझ्या नातवाचे तर दोन्ही वळतात." पहिलं काम झालं.

काळझरवर जादूगार स्फटिक घासत बसला होता. शेवंतीला समोर बसवून त्याने एकेक काच डोळ्यांपुढे धरली, दूरच्या झाडावरचे पोपट मोजायला लावले, पुन्हा घासली. शेवटी दोन चकत्या सोन्याच्या तारेत बसवून तिच्या नाकावर ठेवल्या. वाकडा डोळा हळूहळू सरळ झाला.

"मोल काय?" राणीने विचारलं.

"तुझं आरशातलं प्रतिबिंब."

राणीने दिलं. जादूगाराने ते घडी घालून पेटीत ठेवलं. दुसरं काम झालं.

तिसरं सगळ्यांत अवघड निघालं. उजवा डोळा झाकताच शेवंतीने आकांत मांडला.

"आईसाहेब, काढा ना! सगळं धुकं आहे!"

राणीचा हात गाठीपर्यंत गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"धुक्यात काय आहे ते सांगा."

"एक मोठं पिवळं."

"ते काय असेल?"

"म्हैस."

"पिवळी म्हैस असते होय?"

"शालू नेसली तर असते." शेवंती रडता रडता हसली.

रोज एक प्रहर ती धुक्यात बसे. आधी चिंचोके वेचले, मग तांदळातले मूग, मग सुईत मोगरा ओवला. बोटांना सुया टोचल्या, रुसवे झाले. चारदा झाकण हौदात गेलं आणि चारदा काढलं. राणी समोरून हलली नाही. दहाव्या महिन्यात शेवंती ओवता ओवता थांबली.

"आईसाहेब, तुमचं कुंकू वाकडं आहे."

राणीचा हात कपाळाकडे गेला. आरशात न दिसणाऱ्या बाईने लावलेलं कुंकू ते. दरबारात कुणी बोलायला धजलं नव्हतं. ते शेवंतीने डाव्या डोळ्याने पाहिलं होतं.

आठवा वाढदिवस आला. दोन्ही डोळे उघडे, नाकावर स्फटिक. शेवंतीने तेलाची झारी उचलली, हात लांब केला. राणीला वाटलं, आपले पाय आत्ताच दगडाचे झाले. धार निघाली, दिव्याच्या मधोमध पडली आणि संपली. भुई कोरडी राहिली. तबकातला पाचू तडकला, त्याची हिरवी धूळ झाली. ज्योत वीतभर उंच झाली, तिचा उजेड शेजारच्या राज्यातल्या दगडी राजवाड्यावर पडला आणि तिथली स्वयंपाकीण कणकेचे हात झटकत म्हणाली, "अगंबाई, चुलीवरचं करपलं वाटतं."

राणी लेकीपुढे गुडघ्यांवर बसली. वर्षभर तिने स्वतःला पाहिलं नव्हतं. आता शेवंतीच्या डोळ्यांत तिला दोन इवल्या राण्या दिसल्या, दोन्हीकडे एकेक, दोघींचं कुंकू वाकडं. तिने ते तसंच राहू दिलं.